डोळे तेवढे सोडून

केपटाऊन
१८ जानेवारी २०२५

आदरणीय सर,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही. एकच पाठवला तर दुसरा कुठे ठेवलास म्हणून विचाराल.

मी सुखरूप पोहोचले. तुम्ही बांधून दिलेली शाडूची पिशवीसुद्धा पोहोचली, पण विमानतळावर तिनं मला चांगलंच घामाघूम केलं. साहेब विचारतो, ही पांढरी पावडर कसली? मी म्हटलं, माती. साहेब म्हणतो, भारतातून माती कोण आणतं? शेवटी मी चिमूटभर भिजवून त्याच्यासमोर एक छोटासा उंदीर करून दाखवला, तेव्हा हसला आणि सोडलं. उंदीर त्यानं ठेवून घेतला.

काम काय आहे ते सांगते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या बाजूचे कोकणी मुसलमान जहाजानं इथं आले. पुरुष आले, पुष्कळांच्या बायका गावीच राहिल्या. आता इथं त्यांची चौथी पिढी आहे. भाषा गेली, पण चिडल्यावर ‘काय गो’ म्हणतात आणि घावनाला घावनच म्हणतात. इथल्या एका संग्रहालयानं मला बोलावलंय ते त्या मागं राहिलेल्या बायकांचे चेहरे करायला. फोटो कुणाकडेच नाहीत. घरातली म्हातारी माणसं ऐकीव आठवणी सांगतात, मी मातीत करते. नऊ ऑगस्टला इथला महिला दिन असतो, त्या दिवशी प्रदर्शन उघडायचं आहे.

आता मुद्द्यावर येते, नाहीतर समासात लाल पेन्सिलीनं ‘मुद्दा?’ असं लिहाल.

या बायकांमध्ये मी अम्मीचा चेहरा ठेवतेय. तीसुद्धा मागंच राहिलेली. अब्बा होते तोवर कुवेतला, भाऊ तमीम दोहाला, मी जगभर, आणि ती रोह्याजवळच्या अष्टमी गावात, नदीकडच्या त्या घरात. तुम्हाला आठवतं ना, लहानपणी मी विचारलं होतं की शेजारच्या काशीबाईंचा गणपती विसर्जनाला नेताना तोंड घराकडे करून का नेतात? तुम्ही म्हणालात, जाताना त्याला घर बघू देतात. अम्मीला सांगितलं तर ती म्हणाली, “कुवेतला जाताना तुझे अब्बा नाय का रिक्षात उलटे बसत? तसंच हाय ते.”

सर, चेहरा झाला. नाक, हनुवटी, कपाळावरची ओढणी, सगळं जमलं. डोळे नाहीत. तुम्हाला ठाऊकच आहे का ते. तुमच्या गणपतीच्या कारखान्यात मला पाठवताना अम्मीनं अट घातली होती, “सगळं कर गो, पण डोळे काढू नको. डोळे देणारा वेगळा हाय.” तुमच्याकडे डोळ्यांची आखणी तुम्ही एकटेच करायचात, त्यामुळे ती अट निभावली आणि मी डोळे न काढता शिल्पकार झाले. इथले समीक्षक माझ्या बिनडोळ्यांच्या चेहऱ्यांवर पानंच्या पानं लिहितात. एकानं लिहिलंय की ही इतिहासाकडे पाहण्याविरुद्धची नकारघंटा आहे. आता त्याला काय सांगू, की आईनं नको म्हटलं होतं!

पण या एका चेहऱ्याला मला डोळे हवेत. तिला जाऊन दीड वर्ष झालं आणि तिची नजर मला आठवेनाशी झाली आहे. लग्नाच्या प्रत्येक फोटोत तिनं ओढणी तोंडावर घेतलेली. आधार कार्डावरचा फोटो आहे, पण त्यात ती नुसती दचकलेली आहे. मला भीती वाटते सर, नजर गेली की पुढं आवाज जाईल. तुम्ही तिला कितीतरी रविवार पाहिलंय. मला आठवते ती तिची पाठ. मला पेणला घेऊन यायची आणि तुमच्या कारखान्याच्या पायरीवर बसून दिवसभर रस्त्याकडे तोंड, मांडीवर सुपात वाल, आणि परतीच्या गाडीची वाट. माझं काम तिनं कधी मान वळवून बघितलंच नाही. मग डोळे मला आठवणार तरी कसे?

तुम्ही काढा. येता आलं तर इथं या, तिकीट संग्रहालय देईल. नाहीतर कागदावर काढून पाठवा. अष्टमीच्या घराची किल्ली तमीमला नको होती, ती माझ्या पर्समध्येच असते. उगाचच सांगतेय. हेमांगीवहिनींना सलाम.

तुमची
हुदा

*

पेण
२५ फेब्रुवारी २०२५

चि. हुदा हिस,

अनेक आशीर्वाद, आणि दुसऱ्या खात्यात सलामही.

अक्षर पाहून दचकू नकोस, ते आमच्या सूनबाईंचं आहे. मी सांगतोय, हेमांगी लिहितेय. परदेशी जाणाऱ्या गणपतींची घाई चालू आहे, मला पेन धरायला फुरसत नाही. हेमांगी म्हणाली, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवा ना बाबा. मी म्हटलं, पत्राला पोहोचायला वेळ लागला पाहिजे, त्याशिवाय वाट बघण्यात मजा नाही.

उंदराची हकीकत वाचून इथं सगळे पोट धरून हसले. साहेबानं उंदीर ठेवून घेतला म्हणजे आमच्या पेणचा माल तिथल्या सरकारदरबारी गेला म्हणायचा.

इकडचं म्हणशील तर आमचा विराज धाटावच्या कंपनीतच आहे, शिफ्टमुळे त्याचं तोंड आठवड्यातून दोनदा दिसतं. कारखाना हेमांगी सांभाळते. साच्यातून काढणं, सोंड बसवणं, पितांबर, दागिने, सगळं करते. तीही तुझ्यासारखीच, डोळे तेवढे सोडून. आमच्याकडे ते मी सोडून कुणी करत नाही, हे तुला सांगायला नको. तुझ्या वेळचं लाकडी स्टूल अजून आहे. पायरी मात्र रस्ता रुंद केला तेव्हा गेली. आता लोक थेट आतच येतात, चपलांसकट.

डोळ्यांचं बघू. घाई संपू दे.

जेवत जा वेळेवर. तिकडे तांदूळ कसा मिळतो?

तुझा
शरद सर
(सहीसुद्धा मीच केली. हेमांगी)

*

केपटाऊन
३० मार्च २०२५

आदरणीय सर,

‘बघू’ म्हणजे काय हे मला चांगलं माहीत आहे. शाळेत सहलीचं विचारलं की तुम्ही ‘बघू’ म्हणायचात आणि सहल कधी निघायची नाही.

मी अख्खा महिना पोस्टाच्या पेटीकडे डोळे लावून बसले होते, आणि आलं काय, तांदूळ कसा मिळतो! चांगला मिळतो. आता माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या.

खरं सांगू का, मला राग आला. तुम्हाला इतकी फुरसत नाही की पोस्टकार्डावर दोन डोळे काढावेत? पितांबराच्या चुण्या चुकल्या म्हणून तुम्ही मला तीनतीनदा करायला लावायचात, तेव्हा बरा वेळ होता. मग मनात आलं, हे वेळेचं नसणार. तुम्ही अम्मीच्या बाजूचे आहात. तिनं नको म्हटलं होतं आणि तुम्हाला ते मोडायचं नाही. तसं असेल तर तसं लिहा.

इथं बतूल खाला म्हणून एक आहेत. ऐंशीच्या पुढं वय, काठी टेकत रोज येतात आणि माझ्यावर देखरेख करतात. त्यांची आजी निडीची. आजोबा जहाजावर चढले, मागाहून मुलाला बोलावून घेतलं, बायको काही आली नाही. खालांनी ना आजी पाहिली ना निडी. मी त्यांना सांगितलं की निडीला आता रेल्वेचं स्टेशन आहे, रविवारी पेणला येताना आमची गाडी तिथं थांबायची. तर म्हणाल्या, स्टेशनचं नको, तिथं वास कसला येतो ते सांग. मी म्हटलं, भाताच्या पेंढ्याचा. त्यावर डोळे मिटून बसून राहिल्या.

त्या आजीचा चेहरा मी केलाय. खाला विचारतात, डोळे कधी? मी म्हणते, माझे सर काढून देणार आहेत. आता माझी लाज राखा.

तुमची रुसलेली
हुदा

*

पेण
२६ एप्रिल २०२५

चि. हुदा हिस,

आशीर्वाद.

रुसलीस ते कळलं. हेमांगीनं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं आणि तुझा राग वाचताना स्वतःचाही थोडा आवाज चढवला, असा मला संशय आहे.

तू ओळखलंस ते बरोबरच. आमनाबाईंनी नको म्हटलं होतं. त्यांनी माझ्या भरवशावर मुलगी गणपतीच्या कारखान्यात पाठवली. रोह्यात तेव्हा काही कमी लोकांनी त्यांचे कान भरले नव्हते. इकडे माझ्याही मागं कुजबुज झालीच. दोघांनीही ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्यांच्या त्या एका अटीवर सगळं टिकलं. आता त्या नाहीत म्हणून आपण त्यांचेच डोळे काढायचे, हे मला पटत नाही. एवढंच कारण. दुसरं काही नाही.

उन्हाळा कडक आहे. मूर्ती लवकर सुकतात आणि तडे जातात. पापड लाटणाऱ्या बायकांची मात्र चंगळ आहे. बतूलबाईंना सांग, निडीला आता पेंढ्याचा वास कमी आणि डांबराचा जास्त येतो. किंवा नको सांगूस.

या खेपेला सही मी केली आहे.

शरद

*

केपटाऊन
२७ मे २०२५

प्रिय सर,

सही मिळाली.

पत्र आलं तेव्हा आधी मी ते रागारागात वाचलं आणि टेबलावर टाकलं. दोन दिवसांनी चहा पिता पिता सहज सहीकडे लक्ष गेलं. तुमची सही मला पाठ आहे. प्रगतिपुस्तकावर, चित्रांच्या मागं, माझ्या मुंबईच्या प्रवेशअर्जावर. ‘श’ पासून ‘द’ पर्यंत हात न उचलता एकच ओघ. आम्ही मुलं ती गिरवायचा प्रयत्न करायचो, कुणालाच जमली नाही. या पत्रातल्या ‘र’ला तीन ठिकाणी कंप आहे, आणि ‘द’ची शेपटी कागद फाडून गेली आहे.

सर, कधीपासून?

मीच मूर्ख. सुनेचं अक्षर पाहिलं तेव्हाच कळायला हवं होतं. पेन न धरणारे शरद सर म्हणजे पाणी नसलेली कुंडलिका नदी. आणि मी तुम्हाला म्हणतेय, पोस्टकार्डावर दोन डोळे काढा! तुम्ही अम्मीची अट पुढं केलीत आणि मी ती खरी मानली. तुमच्यावर रागावले याचं मला फार वाईट वाटतंय. माझ्यावर उलट रागवा, पण पुढचं ऐका.

मला आता डोळे काढून नकोत. सांगा. इथल्या म्हाताऱ्या मला रोज चेहरे सांगतात आणि मी करते, तर तुम्हीही सांगा. मी ते काढणार नाही, अम्मीचा शब्द राहील. पण मला माहीत असू देत. तिची नजर कशी होती हे माहीत असलेला, माझ्या ओळखीचा, तुमच्याखेरीज आता कुणी उरलेला नाही. अब्बा असते तर त्यांना विचारलं असतं. तमीमला विचारलं, तर तो फोनवर विमानाच्या तिकिटांबद्दल बोलायला लागला.

सांगा सर. कितीही वेळ लागू दे, पण नऊ ऑगस्टच्या आत.

तुमचीच
हुदा

*

पेण
२९ जून २०२५

चि. हुदा,

पकडलंस. चित्रकलेत तुला मी उगाच पैकीच्या पैकी देत नव्हतो.

गेल्या दिवाळीपासून. आधी चहाची बशी वाजायला लागली, मग ब्रश. डॉक्टर म्हणतात वयाचं आहे, गोळ्या देतात. गोळ्यांनी झोप येते, हात तसाच. परदेशी गणपतींची आखणी यंदा बाहेरच्या माणसाकडून करून घेतली. गेले पाच महिने मी माझ्याच कारखान्यात पाहुण्यासारखा बसतो. तुला सांगायची लाज वाटली. हेमांगी लिहिताना थांबलीय आणि माझ्याकडे बघतेय. लिही गं पुढं.

आमनाबाईंची अट मी पुढं केली ते सोंग होतं आणि खरंही होतं. दोन्ही अर्धं अर्धं धर.

आता डोळे. जन्मभर काढले, पण सांगितले कधीच नाहीत. माझ्या वडिलांनीही मला सांगितले नव्हते, मी नुसता बघत गेलो. त्यामुळे कुठून सुरू करावं हेच मला चार दिवस समजेना.

पहिलं म्हणजे तुझी एक चूक काढतो. तुला वाटतं त्या रस्ता बघत बसायच्या. तुझं स्टूल भिंतीकडे तोंड करून होतं, तू मान खाली घालून काम करायचीस, तुला काय दिसणार? मी कोपऱ्यात उंच पाटावर बसायचो, तिथून मला तुम्ही दोघी दिसायचात. आमनाबाई वालाची मूठभर शेंग सोलायच्या आणि मागं बघायच्या. पुन्हा मूठभर, पुन्हा मागं. मूर्ती नजरेला पडू नयेत म्हणून मान पुरती वळवायच्या नाहीत, अर्धीच. मधे गणपतींची रांग असायची. त्या रांगेतून, सोंडेच्या आणि हाताच्या मधल्या फटीतून, ती नजर बरोबर वाट काढायची आणि तुझ्या पाठीवर येऊन थांबायची. त्यांनी तुझं काम बघितलं नाही म्हणतेस? तू पहिल्यांदा पितांबराची चुणी बरोबर ओढलीस ना, तेव्हा माझ्याआधी त्यांनी पाहिली. मी वर बघितलं तर त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिलेली होती.

म्हणून त्यांचं बुबुळ मला मधोमध कधी आठवत नाही. ते कोपऱ्यात, मान वळेल त्या बाजूला सरकलेलं. डावी पापणी उजवीपेक्षा जराशी खाली. हेमांगी विचारतेय, जराशी म्हणजे किती? तांदळाच्या दाण्याची जाडी. वरची रेघ सुरुवातीला जाड, सुरम्यामुळे, आणि बाहेर जाता जाता बारीक होत थोडी खाली उतरलेली. आम्ही गणपतीला वर चढवतो, तशी नाही. रंग काळा नव्हे. दूध घालायच्या आधीच्या चहाचा. खालच्या पापणीखाली एक वळी होती, ती हसताना नाही, काळजी करताना दिसायची. गाडीची वेळ झाली की दिसायची, तू हात धुवायला लांबच्या नळावर गेलीस की दिसायची.

हेमांगीनं पाठकोऱ्या कागदावर रेघ ओढून विचारलं, अशी का? मी म्हटलं, आणखी खाली. अशी? म्हटलं, बाहेरचा कोपरा सोड. पाचव्या खेपेला तेच डोळे उतरले. मग म्हटलं, फाड तो कागद. तिनं फाडला. आमनाबाईंचा शब्द.

हुदा, मी त्यांचे दुसरे डोळे पाहिलेच नाहीत. माझ्याशी बोलताना त्या खाली बघायच्या. मी पाहिलेत ते फक्त तुला बघणारे. तेवढेच मला सांगता येतात.

शरद

*

केपटाऊन
१४ ऑगस्ट २०२५

प्रिय सर, प्रिय वहिनी,

पत्र बरोब्बर आलं. मी ते जिन्यात उभ्यानं वाचलं आणि तिथंच खाली बसले. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ येऊन विचारून गेले की कुणी गेलं का. मी म्हटलं, नाही, आली.

मला अम्मी दिसली, सर. डोळे आधी दिसले आणि मग मागून सगळी आली, सुपासकट. इतकी वर्षं मनात एक आढी होती, की ती नाइलाजानं येऊन बसायची, मी तिचे रविवार खाल्ले. ती आढी गेली. मी घरी जाऊन मनसोक्त रडले.

नऊ तारखेला अम्मीचा चेहरा मधे ठेवला. डोळ्यांशिवायच. लोक जमल्यावर मी तुमचं पत्र वाचलं. डोळ्यांचा भाग तेवढाच, बाकी घरचं. आधी मराठीत, मग इंग्रजीत. मराठी वाचताना कुणाला काही कळत नव्हतं, पण ‘चहा’ म्हटल्यावर मागच्या रांगेत दोन-तीन म्हाताऱ्या हसल्या, आणि ‘सुरमा’ म्हटल्यावर एकमेकींकडे बघायला लागल्या.

वाचून झालं. मला वाटलं, आता टाळ्या वाजतील आणि सगळे खायला जातील. तर बतूल खाला काठी टेकत उठल्या, त्यांच्या आजीच्या चेहऱ्यासमोर गेल्या आणि तिचे डोळे सांगायला लागल्या. ज्या आजीला त्यांनी कधी पाहिलं नाही, तिचे! बारीक होते, म्हणाल्या, समुद्राकडे बघून बघून मिचमिचे झालेले. बापानं मरताना सांगितलं होतं. मग दुसरी बाई उठली. मग एक तरुण पोरगा, त्याला नीट येतसुद्धा नव्हतं, त्यानं फोनवर आईला लावलं आणि तिच्याकडून ऐकून सांगितलं. संग्रहालय बंद करायची वेळ टळून गेली तरी कुणी हलेना. आता ते रोज चालू आहे. लोक येतात, चेहऱ्यासमोर उभे राहतात आणि डोळे सांगतात. कागद नाही, ब्रश नाही. माझं काम बाजूलाच राहिलं.

तो नकारघंटावाला समीक्षक पण आला होता. त्यानं विचारलं, ही कल्पना तुम्हाला कशी सुचली? मी म्हटलं, माझ्या सरांचा हात थरथरतो.

वहिनी, फाडलेल्या कागदाबद्दल वाईट वाटून घेऊ नका. सर, यंदा चतुर्थीच्या मूर्तींचे डोळे कोण करतंय?

तुमची
हुदा

*

पेण
४ सप्टेंबर २०२५

चि. हुदा,

आशीर्वाद, सलाम, आणि थोडी कबुलीसुद्धा. हेमांगीनं सुरुवातीलाच सांगून ठेवलंय की मी काही गाळलं तर ती स्वतःच्या मनानं लिहील.

तू विचारलंस, डोळे कोण करतंय. हेमांगी. तुला जूनचं पत्र पाठवल्यानंतर मला वाटलं, आमनाबाईंचे डोळे मला सांगता आले, तर गणपतीचे का सांगता येऊ नयेत? जुलैत तिला बसवलं ब्रश घेऊन. मी शेजारी. पहिल्या मूर्तीला मी फक्त म्हटलं, आधी वरची रेघ ओढ. तिनं श्वास धरला आणि न थांबता दोन्ही डोळे पुरे केले. मी वाकून बघत राहिलो.

हुदा, बुबुळं कोपऱ्यात. डावी पापणी तांदळाच्या दाण्याएवढी खाली. वरची रेघ बाहेर जाता जाता उतरलेली.

बिचारीनं जन्मात एकाच नजरेचा धडा घेतला होता, तोच हातातून उतरला. गणपती समोर बघायचं सोडून अर्धी मान वळवल्यासारखा कुणाला तरी शोधत होता. तिला वाटलं मी रागावलो. म्हणाली, “बाबा, चुकलं का? पुसू?” चुकलंच होतं. माझ्या वडिलांनी असले डोळे बघितले असते तर कानाखाली दिली असती. मी म्हटलं, राहू दे. पुढचे मात्र सरळ काढ. ते तिनं झकास काढले, यंदा एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही. उलट दोघांनी विचारलं, सरांचा हात बरा झाला वाटतं?

ती पहिली मूर्ती मी बाजूला ठेवली. आणि मग एक आगाऊपणा केला. अष्टमीचा दत्तात्रेय, तुमच्या काशीबाईंचा मुलगा, त्याची मूर्ती नोंदवलेली होती. उंची तीच, आसन तेच. मी चिठ्ठी बदलली आणि त्याला ही दिली. तुझी आई रागावली असती का याचा मी पुष्कळ विचार केला. रागावली असती. मग मान अर्धी वळवून विचारलं असतं, कुणाकडे गेला?

परवा, गौरी-गणपतीच्या विसर्जनाला, मला राहवेना. विराजनं सुट्टी घेतली आणि आम्ही तिघं गाडीनं अष्टमीला गेलो. काशीबाई आता फार थकल्यात, खुर्चीत बसून असतात. मला बघून म्हणाल्या, “सर, यंदाचा गनपती कुनी केला? सात दिवस माझ्याकडं बघतोय. मी स्वयंपाकघरात गेले तरी बघतोय. दूध उतू जातंय म्हनून सांगायला आमना दारात यायची ना, तसाच बघतोय.” हेमांगी तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

आरती झाली, गणपती निघाला, तोंड घराकडे करून. तुमचं घर ओलांडायची वेळ आली तशी काशीबाई मागून ओरडल्या, “थांबवा रं.” दोघांनी धरून त्यांना पुढं आणलं. तुमच्या दाराला कुलूप, पायरीवर शेवाळ. त्यांनी दत्तात्रेयाला सांगितलं, “तोंड हिकडं फिरव. तिचं पन घर बघू दे त्याला.” पोरं एकमेकांकडे बघायला लागली. दत्तात्रेयानं मुकाट्यानं पाट फिरवला. ताशा थांबला. गणपती तुमच्या दाराकडे बघत उभा राहिला.

मग पोरांनी नेहमीचं ओरडायला सुरुवात केली, पुढच्या वर्षी लवकर या. काशीबाईंनी बंद दाराच्या कडीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, “तू पन ये गो.”

आम्ही नदीपर्यंत गेलो. गणपती पाण्यात जाताना मी त्याच्या डोळ्यांकडे बघितलं नाही.

आता हेमांगीच्या हातातून पेन घेतोय. इथून पुढं माझं अक्षर आहे. एका ओळीला पाव तास लागतो. वाकडं आहे, हसू नकोस.

किल्ली पर्समध्ये ठेवून काय उपयोग? घेऊन ये.

शरद